ग्रेहाउंड: चौखूर न उधळता ताशी ५० किलोमीटरने दुडकणाऱ्या घोड्याची गोष्ट

टांग्यात कधी बसला असाल तर तो आवाज डोक्यात असेलच, टप-टप टप-टप, एकसारखा, घड्याळाच्या ठोक्यांसारखा. घोड्याला पाय चार पण ठोके ऐकू येतात दोनच, कारण टांग्याचा घोडा ज्या चालीत धावतो ती दुडकी, आणि दुडकीत पाय तिरप्या जोडीने पडतात. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम. हाच घोडा बिथरून उधळला की आवाज लगेच बदलतो, तुटक होतो, टगडक टगडक, गाडी हेलकावे खायला लागते आणि मागे बसलेल्यांचा जीव टांगणीला लागतो. ती झाली चौखूर दौड, म्हणजे गॅलप.

आपल्याकडे रेस म्हटलं की महालक्ष्मी नाहीतर पुण्याचं रेसकोर्स, आणि तिथे पाठीवर जॉकी घेऊन सगळे घोडे चौखूरच पळतात. त्यामुळे जगात अशीही एक रेस असते जिथे चौखूर पळायलाच बंदी, घोड्याने शेवटपर्यंत दुडकीतच राहायचं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहिती नसतं. ट्रॉटिंग रेस म्हणतात तिला. अमेरिका, फ्रान्स, इटली, स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रेलिया इथे ती जोरात चालते. घोड्याच्या मागे दोन चाकांची अगदी हलकी गाडी असते, तिला सल्की म्हणतात, आणि तिच्यात पाय पुढे पसरून एक ड्रायव्हर बसलेला असतो. रेसमध्ये घोड्याची चाल मोडली, म्हणजे तो दुडकी सोडून चौखूर झाला, तर ड्रायव्हरने लगेच लगाम खेचायचा, बाजूला जागा असेल तर बाजूला व्हायचं, घोड्याला परत दुडकीत आणायचं आणि या सगळ्यात जेवढं मागे पडाल तेवढं पडायचं. चाल मोडून फायदा घेतला तर नंबर खाली जातो किंवा थेट बाद.

मला या खेळातल्या एका घोड्याबद्दल लिहायचंय, ग्रेहाउंड नावाच्या. कुत्र्याच्या जातीचं नाव असलेला करडा घोडा, अमेरिकेतला, जन्म १९३२ चा. त्याने १९३८ मध्ये केलेला रेकॉर्ड ३१ वर्षं कोणालाही मोडता आला नाही. पण तो रेकॉर्ड किती मोठा होता हे समजायचं असेल तर आधी दुडकी एवढी अवघड का असते ते बघावं लागेल, म्हणून थोडं शास्त्र पहिलं.

घोडा आपणहून चाल बदलतो. हळू असेल तर चालतो, थोडा वेग वाढला की दुडकतो, अजून वाढला की चौखूर होतो, गाडीचे गिअर बदलावेत तसं. १९८१ मध्ये हॉइट आणि टेलर या दोन शास्त्रज्ञांनी ट्रेडमिलवर घोडे चालवून, त्यांना किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं आणि दाखवलं की प्रत्येक चालीचा एक ठरावीक वेग असतो ज्यात सगळ्यात कमी शक्ती खर्च होते. त्यापलीकडे ती चाल ताणली की खर्च वाढत जातो. नंतर १९९१ मध्ये टेलर आणि फार्ली यांनी अजून एक गोष्ट दाखवली, की दुडकीत वेग वाढत गेला की पायांवर, स्नायू आणि हाडांवर पडणारा जोर वाढत जातो, तो एका मर्यादेला पोचला की घोडा चौखूर होतो आणि चौखूर झाल्या झाल्या तो जोर कमी होतो. म्हणजे घोडा चौखूर जातो ते पायांना आराम मिळावा म्हणून. आता विचार करा, ट्रॉटिंग रेसच्या घोड्याला तो आराम घ्यायचीच परवानगी नाही. सगळं शरीर सांगतंय की गिअर बदल, आणि त्याने बदलायचा नाही, उलट त्याच गिअरमध्ये अजून वेग वाढवायचा.

मग हे काही घोड्यांना जमतं कसं? थोडं शिकवून आणि बरंचसं रक्तातून. २०१२ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या टीमने डीएमआरटी३ नावाच्या एका जीनबद्दल शोध प्रसिद्ध केला. हा जीन पाठीच्या कण्यातल्या त्या मज्जापेशींशी संबंधित आहे ज्या चार पायांचा ताळमेळ ठेवतात, कुठला पाय कुठल्या पायाबरोबर उचलायचा ते. त्या जीनमध्ये एक बदल असेल तर घोड्याला वेगळ्या चाली जमतात, आणि जास्त वेगातही दुडकीतून चौखूर होण्याची ओढ कमी होते. अमेरिकेतल्या ट्रॉटिंग घोड्यांमध्ये हा बदल जवळपास सगळ्यांमध्ये आढळतो. म्हणजे शे-दीडशे वर्षं लोक घड्याळ हातात घेऊन घोडे निवडत होते आणि त्यांना न कळता एक जीन निवडला जात होता, हे मला फार भारी वाटतं.

ही जी अमेरिकन जात आहे तिचं नाव स्टँडर्डब्रेड. नावाचा अर्थ अगदी साधा आहे, १८७९ मध्ये तिथल्या ब्रीडर लोकांच्या संघटनेने एक स्टँडर्ड ठरवलं, की एक मैल दुडकीत २ मिनिटं ३० सेकंदांच्या आत जो घोडा जाईल त्याची नोंद या जातीत करायची. दिसणं, रंग, उंची यांना महत्त्व नाही, घड्याळ काय सांगतं तेवढंच. एक मैल म्हणजे १६०९ मीटर, आणि आजही या खेळातले सगळे रेकॉर्ड मैलावरच मोजतात, अमेरिकेत तरी.

या जातीचा आजोबा म्हणजे हॅम्बलटोनियन नावाचा एक घोडा. १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शुगर लोफ गावात जन्मला. मालकाकडे विल्यम रिसडिक नावाचा गडी कामाला होता, त्याने हे शिंगरू आणि त्याची आई दोन्ही मिळून १२५ डॉलरला विकत घेतलं. शेतावर राबणाऱ्या माणसासाठी ही लहान रक्कम नव्हती. पण त्या शिंगराने पुढे १३३१ पोरं दिली आणि आज अमेरिकेतला जवळपास प्रत्येक ट्रॉटर बापाच्या बाजूने त्याच्यापर्यंत जातो, तेही त्याच्या फक्त चार मुलांमधून, जॉर्ज विल्क्स, डिक्टेटर, हॅपी मीडियम आणि इलेक्शनियर. गड्याचा श्रीमंत माणूस झाला.

इलेक्शनियरवरून एक आठवलं ते सांगतोच. त्याचा मालक होता लेलँड स्टॅनफर्ड, ज्यांच्या नावाने कॅलिफोर्नियात युनिव्हर्सिटी आहे. दुडकताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हा प्रश्न तेव्हा लोकांना खरंच पडलेला होता, साध्या डोळ्याला ते दिसत नाही. स्टॅनफर्डने मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरला कामाला लावलं आणि जून १८७८ मध्ये पालो आल्टोला ओळीने कॅमेरे लावून एब एजिंग्टन नावाच्या ट्रॉटरचे सल्कीसकट फोटो काढले गेले. चारही पाय हवेत, स्पष्ट दिसले. मायब्रिजचं नाव घेतलं की सगळ्यांना चौखूर घोड्याची फोटोमालिका आठवते, पण सगळं सुरू झालं ते दुडकीच्या प्रश्नावरून. तर दुडकी म्हणजे खरं तर उड्यांची मालिका आहे, एका तिरप्या जोडीवरून दुसऱ्या तिरप्या जोडीवर, आणि मधे प्रत्येक वेळी घोडा हवेत.

आता ग्रेहाउंड.

केंटकी राज्यात लेक्सिंग्टनजवळ अल्माहर्स्ट नावाचा फार्म होता, तिथे मार्च १९३२ मध्ये तो जन्मला. बाप गाय अॅबी, आई एलिझाबेथ. बापाकडून जॉर्ज विल्क्सची शाखा, आईचा बाप पीटर द ग्रेट म्हणजे हॅपी मीडियमची शाखा, दोन्हीकडून हॅम्बलटोनियनच. कागदावर खानदान चांगलंच होतं पण त्या काळात अशी खानदानी शिंगरं कितीतरी होती, आणि अमेरिकेत महामंदी चालू होती. लहानपणीच त्याला खच्ची केलं होतं, म्हणजे पुढे रेस जिंकला तरी पोरं देऊन पैसे मिळवून देणार नाही हे नक्की, त्यामुळे भावही कमीच. १९३३ मध्ये इंडियानापोलिसच्या लिलावात एक वर्षाच्या या करड्या शिंगरावर बोली ९०० डॉलरला थांबली. घेणारा होता ई. जे. बेकर, इलिनॉयमधल्या सेंट चार्ल्स गावचा श्रीमंत माणूस, लोक त्याला कर्नल म्हणायचे. टेक्साको तेल कंपनीच्या पैशाचा वारसा त्याला मिळालेला होता आणि त्याच गावात त्याने मोठं हॉटेल बांधलेलं होतं. त्याच्यासाठी ९०० डॉलर म्हणजे काहीच नाही, आणि त्या ९०० मध्ये त्याच्या हाताला काय लागलं हे तेव्हा त्यालाही कळलं नसणार.

शिंगरू सेप पालिन या ट्रेनरकडे गेलं. या खेळात बऱ्याचदा ट्रेनरच ड्रायव्हर असतो आणि पालिन दोन्ही होता. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण जॉकी रेसच्या दिवशी येऊन चढतो, पण इथे रोज सकाळी जो माणूस मागे बसतो तोच रेसलाही मागे बसतो. ट्रॉटरला शिकवायचं म्हणजे त्याला पळायला शिकवायचं नसतंच, पळता तर त्याला येतं. शिकवायचं ते हे, की वेग वाढला, शेजारून दुसरा घोडा घासत गेला, लोक ओरडले, तरी डोकं शांत ठेवून पाय तिरप्या जोडीतच टाकायचे. महिनोन्महिने रोज मैलामागून मैल हळू दुडकवतात, आणि वेग अगदी थोडा थोडा वाढवतात. घाई केली की घोडा चाल मोडायला शिकतो, आणि एकदा ती सवय लागली की जाता जात नाही.

त्यात नालबंदाचं काम फार मोठं. दुडकीत मागचा पाय पुढे येतो तेव्हा पुढचा पाय उचललेला असतो, दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळून जातात, आणि वेग वाढला की पुढचा-मागचा पाय एकमेकांना लागायला लागतात. एकदा लागलं, दुखलं, की घोडा घाबरून चाल मोडतो. म्हणून नालेचं वजन, खुराची लांबी, खुराचा कोन हे सगळं बारकाईने बदलत बसावं लागतं. पुढच्या नालेचं वजन थोडं वाढवलं तर पाय जास्त उंच आणि लांब पडतो, कमी केलं तर पटकन वर येतो, आणि एवढ्याशा फरकाने घोडा रेसमध्ये सुतासारखा सरळ जातो नाहीतर गडबडतो. प्रत्येक घोड्याचं गणित वेगळं. मान खाली घालून तोल जाऊ नये म्हणून डोक्यावरून एक पट्टा मागे नेऊन बांधतात, पायांवर गुंडाळायला जाड पॅड असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की घोडा आणि गाडी, त्यात काय मोठं, पण आत हे एवढं चालू असतं.

ग्रेहाउंड उंच होता, खांद्यापाशी १६ हातांच्या वर, म्हणजे घोड्याच्या मापात एक हात चार इंचांचा तर साधारण साडेपाच फुटांना थोडा कमी. पाय लांब. आणि पूर्ण वेगात त्याची एक ढांग, म्हणजे एक पाय टेकल्यापासून तोच पाय परत टेकेपर्यंतचं अंतर, २७ फूट भरायचं. २७ फूट! मुंबईतल्या कितीतरी वन रूम किचनची पूर्ण लांबी एवढी नसते. मी जरा हिशोब केला, मैलाचे ५२८० फूट, भागिले २७, म्हणजे पूर्ण ढांगेने गेला तर एका मैलात जेमतेम १९५ ढांगा. आणि सेकंदाला पावणेदोन ढांगांच्या आसपास. म्हणजे त्याचे पाय काही भयंकर भरभर हलत नसणार, तो आरामात चाललाय असंच लांबून वाटत असेल, आणि बाकीचे घोडे मात्र मागे पडत चाललेत. करडा ठिपका निसटत जातो म्हणून पेपरवाले त्याला करडं भूत म्हणायचे.

१९३५ मध्ये तो तीन वर्षांचा झाला आणि हॅम्बलटोनियन स्टेक्समध्ये उतरला. ही तीन वर्षांच्या ट्रॉटर्सची अमेरिकेतली सगळ्यात मानाची रेस, त्याच जुन्या घोड्याच्या नावाने १९२६ पासून चालू झालेली, आणि तेव्हा ती न्यूयॉर्क राज्यात गोशेन गावाला गुड टाइम पार्कवर व्हायची. गोशेन म्हणजे हॅम्बलटोनियनच्या जन्मगावाच्या अगदी जवळ. त्या काळी एक रेस म्हणजे एकच धाव नसायची, हीट असायच्या, दोन हीट जिंकेल तो विजेता, म्हणजे एकाच दुपारी मैलभर जीव तोडून धावायचं, थोडा वेळ घोड्याला पाणी-बिणी दाखवून फिरवायचं आणि परत मैलभर धावायचं. ग्रेहाउंडने पहिल्या दोन्ही हीट जिंकून विषय संपवला. पूर्ण करिअरमध्ये त्याने ८२ हीटपैकी ७१ जिंकल्या.

आता वाईट भाग असा की एवढा चांगला घोडा झाला की त्याच्याविरुद्ध उतरायला कोणी तयार होईना. खच्ची घोडा, त्यामुळे स्टडला, म्हणजे पैदाशीला पाठवून पैसे कमवायचा रस्ताही नाही. मग राहिलं काय, तर घड्याळ. तेव्हा अमेरिकेत स्टेट फेअर म्हणजे आपल्या जत्रेसारखे मोठे मेळे भरायचे, गुरं, पिकं, खाणंपिणं आणि मधे घोड्यांचा ट्रॅक. तिथे नामांकित घोड्याला एकट्याला वेळेविरुद्ध धावायला आणायचे आणि हजारो लोक बघायला जमायचे. समोर कोणीच नाही, आणि तरी लोक श्वास रोखून बसायचे.

अगदी एकटाही नसायचा तो. घोडा कळपातला प्राणी आहे, शेजारी कोणी पळत असेल तर त्याला जोर चढतो, म्हणून वेळेविरुद्धच्या धावेत एक-दोन थरोब्रेड घोडे, म्हणजे महालक्ष्मीला पळतात त्या जातीचे, सल्कीला जुंपून सोबत सोडायचे. आणि ते चौखूर पळायचे, त्यांना बंदी नाही! म्हणजे जरा डोळ्यासमोर आणा, शेजारी कानाला लागून दुसरा घोडा भरधाव चौखूर पळतोय, त्याच्या टापांचा आवाज येतोय, मागून ड्रायव्हर ओरडतोय, आणि या घोड्याने त्याच्याबरोबर जायचं पण त्याच्यासारखं पळायचं नाही. मला या सगळ्या खेळातलं सगळ्यात अवघड काम हेच वाटतं. माणसालाही शेजारचा धावायला लागला की आपोआप पाय उचलले जातात.

ग्रेहाउंडच्या आधी एका मैलाच्या वेळेत कोण कुठपर्यंत पोचलं होतं ते पण बघू. १८८५ मध्ये मॉड एस. नावाची घोडी २ मिनिटं ८.७५ सेकंद. १८९२ मध्ये सल्कीला सायकलसारखी हवा भरलेली चाकं आली, त्याआधी उंच लाकडी चाकं असायची, आणि त्याच वर्षी नॅन्सी हँक्स नावाची घोडी थेट २ मिनिटं ४ सेकंदांवर आली, चाकांचा एवढा फरक पडला. १९०३ मध्ये लू डिलन ही घोडी बरोब्बर २ मिनिटांत गेली, दोन मिनिटांची भिंत पहिल्यांदा गाठणारी. १९१२ ला उलान, १ मिनिट ५८ सेकंद. १९२२ ला पीटर मॅनिंग, १ मिनिट ५६.७५ सेकंद. गंमत बघा, पहिल्या तिघी घोड्या, नंतरचे दोघे खच्ची. ज्या नरांच्या नावाने खानदानं चालतात त्यांच्यातला एकही या यादीत नाही.

पीटर मॅनिंगचा रेकॉर्ड १५ वर्षं टिकला. १९३७ मध्ये ग्रेहाउंडने तो मोडून १ मिनिट ५६ वर आणला. आणि मग २९ सप्टेंबर १९३८, लेक्सिंग्टन. तिथला ट्रॅक लाल मातीचा आहे, नावच रेड माइल, १८७५ पासूनचा, आणि फास्ट ट्रॅक म्हणून आधीपासून प्रसिद्ध. मागे सेप पालिन. वेळ लागली १ मिनिट सव्वापंचावन्न सेकंद. ताशी ५० किलोमीटरच्या थोडं वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दुडकीत, मागे गाडी आणि माणूस घेऊन.

हे किती होतं त्याचा अंदाज यायला अजून एक गोष्ट सांगतो. सल्कीच्या रेसमध्ये दोन प्रकारचे घोडे असतात, एक ट्रॉटर आणि दुसरा पेसर. पेसरचे पाय तिरप्या जोडीने न पडता एका बाजूचे दोन्ही एकदम पडतात, डावे दोन, मग उजवे दोन, उंटासारखं. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा बघायला गेलात तर रेवाल चालीच्या घोड्याचं कौतुक ऐकायला मिळतं, पाठ हलत नाही, हातात पाण्याचा ग्लास धरून बसावं अशी चाल, तीही साधारण या एका बाजूच्या पायांच्या कुटुंबातली. पेसिंगमध्ये एका बाजूचे पाय एकमेकांना लागत नाहीत, शिवाय बरेच पेसर पायांना पट्टे बांधून धावतात त्यामुळे चाल मोडणं अवघड, म्हणून पेसर ट्रॉटरपेक्षा जरा जास्त वेगवान असतात. तर ग्रेहाउंडच्या आदल्याच दिवशी, २८ सप्टेंबरला, त्याच लाल ट्रॅकवर बिली डायरेक्ट नावाच्या पेसरने १ मिनिट ५५ सेकंदांचा रेकॉर्ड केला होता. आणि दुसऱ्या दिवशी हा ट्रॉटर त्याच्यापेक्षा फक्त पाव सेकंद मागे. त्या दोन दिवसांत त्या ट्रॅकच्या कुंपणाशी जे उभे होते त्यांचा मला खरंच हेवा वाटतो.

लोक इथेच थांबतात, रेकॉर्ड सांगतात आणि गोष्ट संपवतात, पण मला पुढची दोन वर्षं जास्त आवडतात. १९३९ मध्ये त्याला रोझलिंड नावाच्या घोडीबरोबर जोडीने जुंपलं. रोझलिंडची पण एक गोष्ट आहे, बेन व्हाइट या प्रसिद्ध ट्रेनरने ती आपल्या मुलाला दिली होती, मुलगा क्षयाने आजारी होता, आणि १९३६ ची हॅम्बलटोनियन तिने जिंकली, सल्कीत स्वतः बाप. आता दोन चॅम्पियन एकाच गाडीला जुंपायचे म्हणजे काय ते बैलगाडा किंवा शंकरपट बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एक बैल कितीही चांगला असला तरी जोडी जमावी लागते, एकाने ओढ घेतली आणि दुसरा मागे राहिला की संपलं. इथे तर दोघांची ढांग वेगळी, त्यात २७ फुटांची ढांग टाकणारा एक, आणि दोघांपैकी एकाचीही चाल मोडून चालणार नाही. पालिनने दोघांना मिळून १ मिनिट ५८.२५ सेकंदांत मैल पार करवला. दोन घोडे एकत्र जुंपून, आणि लू डिलनच्या एकटीच्या त्या दोन मिनिटांपेक्षा कमी वेळात.

मग १९४० मध्ये खोगीर. लेक्सिंग्टनलाच, फ्रान्सिस डॉज या तरुणीने, डॉज मोटारवाल्या घराण्यातली मुलगी, त्याच्या पाठीवर बसून त्याला २ मिनिटं १.७५ सेकंदांत मैलभर दुडकवलं. सल्कीत ड्रायव्हरचं वजन चाकांवर असतं, पाठीवर बसलं की सगळं वजन घोड्यावर, आणि दुडकीत पाठ किती आदळते ते टांग्याच्या घोड्यावर लहानपणी हट्टाने बसलेल्या कोणालाही विचारा. आयुष्यभर गाडी ओढलेल्या घोड्याने आठव्या वर्षी हेही केलं. याच प्रकारात २००० साली मोनी मेकर नावाच्या घोडीने लेक्सिंग्टनलाच, जूली क्रोन या जॉकीला पाठीवर घेऊन १ मिनिट ५४.२ सेकंद लावले, म्हणजे मधल्या ६० वर्षांत ट्रॅक, ट्रेनिंग, खाणं, ब्रीडिंग सगळंच किती पुढे गेलं ते दिसतं.

१९४० मध्येच ग्रेहाउंड रिटायर झाला. सगळी कमाई धरून ३९ हजार डॉलरच्या आसपास. आजच्या चॅम्पियनच्या मानाने काहीच नाही, मंदीचा काळ होता आणि वेळेविरुद्ध धावून बक्षीस मिळतं ते मानाचं.

आता खच्ची करण्याबद्दल थोडं, कारण हा घोडा समजायला ते टाळून चालत नाही. नर घोडा मोठा झाला की त्याचं लक्ष रेसकडे कमी आणि आजूबाजूच्या घोड्यांकडे जास्त, म्हणजे शेजारी घोडी आली की बिथरतो, दुसऱ्या नराशी भांडायला जातो. खच्ची केला की शांत होतो, वर्षानुवर्षं रेस खेळू शकतो. ज्या खेळात डोकं शांत ठेवणं हेच अर्धं काम, तिथे याचा फायदा आहेच. पण तोटाही तेवढाच मोठा, त्याचं रक्त पुढे जात नाही. फ्रान्समधली सगळ्यात मोठी ट्रॉटिंग रेस आहे प्री दामेरिक, तिथे खच्ची घोड्यांना प्रवेशच नाही, कारण त्यांचं म्हणणं रेस ही ब्रीडिंगची परीक्षा आहे. म्हणजे ग्रेहाउंड पॅरिसला जन्मला असता तर त्याला दारातच अडवलं असतं. मला हे पटत नाही. याच फ्रान्समध्ये उरासी नावाचा घोडा होऊन गेला, ही रेस चार वेळा जिंकलेला, १९८६, ८७, ८८ आणि मग दहाव्या वर्षी १९९०, तो खच्ची नव्हता, पण स्टडला पाठवल्यावर त्याच्याकडून फार थोडी पोरं झाली आणि त्याच्या तोडीचं त्यातलं एकही निघालं नाही. घोडा किती मोठा होता हे त्याच्या पोरांवरून ठरवायचं असेल तर उरासीलाही छोटा म्हणावं लागेल, आणि तसं म्हणायची तिथे कोणाची हिंमत होणार नाही. आणि २०१८ मध्ये, परत त्याच रेड माइलवर, होमिसाइड हंटर नावाच्या ट्रॉटरने १ मिनिट ४८.८ सेकंदांत मैल मारून जगाचा रेकॉर्ड केला. तोही खच्ची.

ग्रेहाउंडचा रेकॉर्ड शेवटी मोडला तो ३१ ऑगस्ट १९६९ ला, इंडियानापोलिसला, म्हणजे ज्या गावात तो ९०० डॉलरला विकला गेला होता तिथेच. नेव्हेल प्राइड नावाचा घोडा, ड्रायव्हर स्टॅन्ली डॅन्सर, १ मिनिट ५४.८ सेकंद. ३१ वर्षांत फरक किती पडला, तर अर्ध्या सेकंदाच्याही आत. मधे एक महायुद्ध होऊन गेलं, सल्क्या सुधारल्या, स्टार्टिंग गेटसारख्या गोष्टी आल्या, हजारो शिंगरं जन्मली, आणि अर्धा सेकंद काही निघेना.

रिटायर झाल्यावर बेकरने त्याला विकलं नाही, कुठे कामालाही लावलं नाही. आपल्या रेड गेट फार्मवर त्याच्यासाठी खास ठाण बांधलं. देशभर फिरवून लोकांना दाखवलं, आणि घरी असेल तेव्हा बघायला येणाऱ्यांसाठी दार उघडं. करडे घोडे जन्मतात गडद आणि वयाबरोबर पांढरे होत जातात, तसा तोही होत गेला, करडं भूत खरोखरचं पांढरं झालं. १९५९ मध्ये बेकर गेला. त्यानंतर मेपल पार्क नावाच्या इलिनॉयमधल्याच छोट्या गावात ग्रेहाउंडची देखभाल झाली आणि तिथेही लोक येतच राहिले. ज्यांनी त्याला तरुणपणी जत्रेत धावताना पाहिलं होतं ते आता नातवंडांना घेऊन यायचे. घोडं साधारण २५-३० वर्षं जगतं, हा ४ फेब्रुवारी १९६५ पर्यंत जगला, ३३ वर्षं पुरी व्हायला महिना राहिला होता. नेव्हेल प्राइडने शिंगरू म्हणून जगात पाऊल टाकलं तेही त्याच वर्षी.